साथीच्या काळात तपासणी लॅब उभी करताना : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या दोन वर्षांत मी स्वॅब तपासणीच्या कामात होतो. तेव्हापासून दवाखाना चालवणारे डॉक्टर, सरपंच, एमएस्सी करून बसलेली पोरं आणि एकदा तर एका तालमीचे कार्यकर्ते मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारत आलेत. फोनवर तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पीसीआर मशीन आणलं की लॅब सुरू होते ना?

नाही. सगळ्यात सोपी खरेदी मशीनचीच. पैसे असले की ते येतं आणि कंपनीचा इंजिनिअर बसवूनही देतो. वेळ खातात त्या बाकीच्या गोष्टी: हवेचा दाब धरणाऱ्या खोल्या, जैवसुरक्षा कॅबिनेट, उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर, द्रवाचे थेंब बिनचूक मोजणारे पिपेट, न थांबणारी वीज, कचरा उचलणारी गाडी, हात बसलेले टेक्निशियन, आणि रात्री दोन वाजता सरकारी पोर्टलवर नोंदी भरणारा माणूस. यातलं एक जरी नसलं तरी लाखांचं मशीन झाकून ठेवावं लागतं. उद्घाटनाचा फोटो मात्र मशीनसोबतच निघतो, त्यामुळे लोकांचा असा समज होणं साहजिक आहे.

मग जागा किती लागते? आमच्या तालमीचा हॉल रिकामाच आहे.

हॉल देण्यामागची भावना मोठी आहे. पण एक मोठा हॉल असण्यापेक्षा चार लहान खोल्या असलेल्या बऱ्या. पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवला जातो. त्या वाढलेल्या तुकड्याचा कण हवेतून, कोटावरून किंवा पिपेटवरून परत पहिल्या टेबलावर आला, तर निरोगी माणसाचा नमुनाही पॉझिटिव्ह दिसायला लागतो. म्हणून कामाला एकच दिशा असते आणि उलट जाता येत नाही.

पहिल्या खोलीत नमुने घ्यायचे, पॅकिंग उघडायचं, नोंद करायची. दुसऱ्या खोलीत कॅबिनेटखाली विषाणू निष्क्रिय करून त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, काढायचा. तिसरी खोली मास्टर मिक्सची, म्हणजे पीसीआरची रसायनं एकत्र करण्याची. ही सगळ्यात स्वच्छ, इथे रुग्णाचा नमुना कधीच येत नाही. चौथ्या खोलीत मशीन. मास्टर मिक्सच्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. आरएनए काढायच्या आणि मशीनच्या खोलीत दाब कमी, म्हणजे तिथली हवा बाहेर पडत नाही. एका खोलीतून दुसरीत वस्तू द्यायच्या त्या पास बॉक्समधून, म्हणजे भिंतीतल्या दोन दारांच्या पेटीतून. प्रत्येक खोलीचे कोट, चपला, पिपेट, इतकंच काय पेनसुद्धा वेगळं. आमच्याकडे पेनांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. लोक हसायचे, पण खोली सोडून गेलेलं पेन दुरूनच ओळखू यायचं.

शाळेच्या इमारतीत हे जमू शकतं, हॉलमध्ये भिंती घालाव्या लागतील. आणि आपल्या गावात आणखी एक गोष्ट बघावी लागते ती पुराची रेषा. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, दुधाळी इथे कुठवर पाणी आलं होतं ते आठवा आणि मग तळमजल्याचा विचार करा.

एवढा धोकादायक विषाणू, मग बीएसएल-३ लॅब लागत नाही का?

बीएसएल म्हणजे जैवसुरक्षेची पातळी, आकडा मोठा तशी खबरदारी कडक. विषाणू जिवंत ठेवून वाढवायचा असेल तर बीएसएल-३ लागते. निदानाच्या पीसीआरसाठी बीएसएल-२ पुरते, मात्र काळजी त्याच्यापेक्षा वरची घ्यायची. इथे विषाणू वाढवायचा नसतो. विषाणू फोडणाऱ्या रसायनात, म्हणजे लायसिस बफरमध्ये, पडला की तो मरतो आणि पुढे उरतो फक्त आरएनए. त्यामुळे खरा धोका नळीचं झाकण उघडण्यापासून बफर पडेपर्यंतच्या काही मिनिटांत असतो आणि ती मिनिटं कॅबिनेटच्या आतच गेली पाहिजेत.

कॉलेजात लॅमिनार फ्लो आहे. तोच वापरला तर?

कृपा करून नको. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि सगळ्यात जास्त भीतीही याचीच वाटते. लॅमिनार फ्लो गाळलेली हवा आतून बाहेर, म्हणजे सरळ काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. त्यात नमुना सुरक्षित राहतो, माणूस नाही. वनस्पतींच्या ऊतीसंवर्धनासाठी तो उत्तम आहे. संसर्गजन्य नमुन्याला क्लास-२ कॅबिनेट लागतं, त्यात हवा खाली ओढली जाते आणि अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधूनच बाहेर जाते. दिसायला दोन्ही सारखेच, काचेचं कपाट आणि आत दिवा. घेतल्यावर दरवर्षी त्याची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यायचं. ते दारासमोर, पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवलं तर हवेचा पडदा फाटतो आणि कॅबिनेट असून नसल्यासारखं होतं.

उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत) काय काय बनवून घेता येईल?

बरंच काही. स्टीलची टेबलं, पास बॉक्स, नळ्यांचे स्टँड, कोपराने उघडायचे नळ, नमुने नेण्याच्या पेटीची आतली चौकट. नुसतं चित्र काढून दिलं तरी संध्याकाळपर्यंत वस्तू हातात देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पण कॅबिनेट, वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि नळ्या गरगर फिरवणारा सेंट्रिफ्यूज या तीन गोष्टी तिथून नकोत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ दाबाखाली असते, तिथे जुगाड अंगावर येतो.

परवानगी कुणाची लागते?

कोरोनाच्या काळात सरकारी लॅबला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता लागायची. खासगी लॅबला त्याच्या जोडीला एनएबीएल या लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन, तेही आरएनए विषाणूंच्या पीसीआर तपासणीसाठीचं. नुसत्या रक्त-लघवीच्या तपासणीवर मिळालेलं मानांकन पुरत नसे. लॅब पारखायला आणि शिकवायला देशभर मार्गदर्शक संस्था नेमल्या होत्या. त्यात पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय होतं. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी वेगळी. पुढच्या साथीला नियमांचे तपशील बदलतील. पण आधीच मानांकन असलेल्या लॅबला काही दिवसांत हिरवा कंदील मिळतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला महिने लागतात, हे काही बदलायचं नाही.

तोवर सगळं पुण्याला पाठवलं तर काय बिघडतं?

सुरुवातीला तसंच होतं. जानेवारी २०२० मध्ये ही तपासणी करणारी देशात एकच लॅब होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी ती संस्था आपल्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, हे आपलं नशीब. पण अख्ख्या राज्याचे नमुने तिथेच जात होते. मग मिरजेला सोय झाली, त्यानंतर कोल्हापुरात. जून २०२० पर्यंत देशातल्या लॅब हजारावर गेल्या.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले तर तोवर तो माणूस एकतर घरच्यांमध्ये वावरतो किंवा विनाकारण विलगीकरणात बसतो. पाचव्या दिवशी आलेला अचूक रिपोर्ट हा साथीच्या दृष्टीने इतिहास असतो. आणि रस्ता नेहमी चालू असेलच असं नाही. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून बरीच वर मजल मारली आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दुसरी लाट पुरती ओसरलेली नव्हती. त्या दिवसांत जिल्ह्याबाहेरच्या लॅबवर अवलंबून राहिलो असतो, तर नमुने गाडीतच राहिले असते.

चंदगड, आजऱ्याचे नमुने लॅबपर्यंत खराब होत नाहीत का?

नीट आणले तर नाही. स्वॅब व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या, नळीत, नळी दुसऱ्या गळतीरोधक डब्यात, डबा बाहेरच्या पेटीत आणि पेटीत बर्फाचे पॅक. तापमान २ ते ८ अंश. अशा अवस्थेत नमुना साधारण ७२ तास टिकतो. त्याहून जास्त ठेवायचा तर उणे ७० किंवा त्याखाली. चंदगड शंभर किलोमीटरच्या पुढे असलं तरी सकाळचा नमुना संध्याकाळी पोचतो, अंतर अडचणीचं नाही. अडचण होते ती जेवणासाठी गाडी उन्हात उभी करण्याची, झाकण सैल लावण्याची आणि नमुने घरगुती फ्रिजच्या फ्रीझरमध्ये टाकण्याची. गोठणं, वितळणं, परत गोठणं यात आरएनए तुटतो.

पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता बंद होतो, शिरोळची गावं पाण्यानं वेढली जातात. म्हणून जूनच्या आत तालुक्यांना स्वॅब, व्हीटीएम आणि अँटिजेन किट यांचा जादा साठा पोचवून ठेवायचा. स्वॅबची काडी लाकडी आणि बोळा कापसाचा नसावा. त्यातली द्रव्यं पीसीआरमध्ये अडथळा आणतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा घ्यावा.

एका दिवसात किती नमुने होतात?

प्लेटला ९६ खळगे असतात. दोन नियंत्रणांसाठी (एक नक्की पॉझिटिव्ह, एक निव्वळ पाणी) सोडले तर राहतात ९४. मशीनची एक फेरी दीड-दोन तासांची, त्यामुळे कागदावर हिशेब भरभरून येतो. प्रत्यक्षात गाडी अडते ती आरएनए काढण्यापाशी. हाताने काढायचा तर चांगल्या टेक्निशियनलाही २४ नमुन्यांना दीड-दोन तास लागतात. म्हणून पैसे हातात आले की दुसरं पीसीआर मशीन घेऊ नका, आधी आरएनए काढणारं स्वयंचलित यंत्र घ्या. हे सांगताना मी अनेकांशी वाद घातलाय आणि अजूनही घालीन.

दुसरी अडचण म्हणजे नोंदणी. नळीवरचं नाव, फॉर्मवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळत नसलं की नमुना बाजूला राहतो.

किट वाचवायला पाच-पाच नमुने एकत्र तपासता येतात म्हणे?

येतात. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरनं पाचापर्यंत नमुने एकत्र करायला परवानगी दिली, पण बाधितांचं प्रमाण २ टक्क्यांच्या खाली असेल तिथेच. त्यामागचा हिशेब सोपा आहे. शंभर नमुन्यांचे वीस गट केले आणि दोघंच बाधित असले, तर फार तर दोन गट पॉझिटिव्ह येतात. त्यातले दहा नमुने परत तपासायचे, म्हणजे एकूण तीस चाचण्यांत काम झालं. तेच शंभरातले वीस बाधित असले तर वीसपैकी तेरा-चौदा गट पॉझिटिव्ह येतील आणि चाचण्या नव्वदीच्या आसपास जातील. वर वेळ दुप्पट. लाट चढायला लागली की हा मार्ग सोडावा, लाटेच्या आधी आणि नंतर तो उपयोगी पडतो.

ग्रामीण रुग्णालयात एवढं सगळं जमणार नाही. काही छोटा मार्ग?

ट्रूनॅट. गोव्यातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच कंपनीचं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. क्षयरोगासाठी ते आधीपासून वापरात होतं, एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठी मान्य झालं. नमुना घेतल्या घेतल्या लायसिस बफरमध्ये जातो, त्यामुळे धोका कमी. तासाभरात निकाल मिळतो. एका वेळी नमुने मात्र मोजकेच होतात. रात्री आलेली बाळंतीण किंवा तातडीची शस्त्रक्रिया अशा वेळी याच्याइतकं कामाचं दुसरं नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही यंत्रं क्षयरोग्यांच्या वाट्याची होती. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता, शोध कमी झाला होता. त्याला टाळेबंदी, भीती, बंद पडलेले दवाखाने अशी बरीच कारणं होती, पण क्षयरोगाची यंत्रं आणि माणसं कोरोनाकडे वळवली गेली हेही त्यातलंच एक. नव्या साथीला जुनं यंत्र वापरताना जुन्या रोगासाठी रोजचे दोन तास राखून ठेवा.

अँटिजेन टेस्ट पंधरा मिनिटांत होते, मग पीसीआर हवीच कशाला?

अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवायचा. निगेटिव्ह आली आणि ताप-खोकला आहे, तर पीसीआर करायची. शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी अँटिबॉडीची रॅपिड टेस्ट तिसरीच गोष्ट, ती नव्या संसर्गाच्या निदानासाठी नाही. एप्रिल २०२० मध्ये घाईनं आणलेली तसली काही किट सदोष निघाली आणि वापर थांबवावा लागला.

लाइट गेली तर?

चालू फेरी वाया जाते. ९४ नमुन्यांचे अभिकर्मक (तपासणीची रसायनं) गेले आणि मनःस्ताप वेगळा. म्हणून मशीन आणि कॅबिनेट यूपीएसवर, बाकी सगळं जनरेटरवर. जनरेटर आपोआप चालू होणारा हवा. रात्री कुणीतरी जिना उतरून तो चालू करील या भरवशावर राहू नका. डीप फ्रीझरला तापमानाचा अलार्म लावा आणि तो कुणाच्या तरी मोबाइलवर वाजू द्या. वळवाचा पाऊस आणि महावितरण यांचं नातं कोल्हापूरकराला सांगायला नको.

अख्खी प्लेट पॉझिटिव्ह आली. गावात स्फोट झाला समजायचं का?

आधी पाण्याचा खळगा बघायचा. प्रत्येक प्लेटमध्ये एका खळग्यात नमुन्याऐवजी निव्वळ शुद्ध पाणी असतं. तेही पॉझिटिव्ह दिसलं तर दूषण लॅबमध्ये आहे. अशा वेळी एकही रिपोर्ट बाहेर जाता कामा नये.

हे मी भोगलंय. मी होतो त्या ठिकाणी एका पहाटे मशीनच्या पडद्यावर पाण्याच्या खळग्याची रेषा वर चढली, म्हणजे पाणी पॉझिटिव्ह दिसलं. कारण शोधायला दोन दिवस गेले. मशीनच्या खोलीतला एक जण चार्जर घ्यायला मास्टर मिक्सच्या खोलीतून गेला होता, तोही त्याच कोटात. दोन दिवस ब्लीचनं पुसणं, यूव्ही लावणं, सगळे अभिकर्मक फेकणं आणि फोनवर शिव्या खाणं. त्यानंतर मशीनच्या खोलीत चार्जर लटकवून ठेवला, तो शेवटपर्यंत तिथेच होता.

फेरी संपल्यावर प्लेटचं सील कधीही उघडू नका. ती ऑटोक्लेव्हमध्येही नको, वाफेच्या दाबानं सील सुटलं तर वाढवलेले तुकडे सगळीकडे पसरतात. तशीच बंद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीला द्यायची.

उलट चूकही होते. स्वॅब नाकात नीट गेलाच नसेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ते पकडायला माणसाच्या स्वतःच्या पेशींमधलं एक जनुक सोबत तपासतात. तेच दिसलं नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, नमुना परत मागवायचा.

सीटी व्हॅल्यू १८ आली, म्हणजे आजार जास्त आहे का?

नाही. एकाच फेरीत तुकडा दुप्पट करण्याची किती आवर्तनं झाल्यावर मशीनला विषाणू दिसला तो हा आकडा. कमी आकडा म्हणजे त्या नळीत विषाणू जास्त. पण स्वॅब कसा घेतला, कोणत्या दिवशी घेतला, किट कोणतं, यावर तो हलतो. आयसीएमआरनं ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायला सांगितलं होतं. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर आणि सीटी व्हॅल्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाच्या सारखेपणामुळे किती जणांची झोप उडाली त्याला गणती नाही.

आमच्या आईचा म्हणून दुसऱ्याच बाईचा रिपोर्ट आला. असं कसं होतं?

एका गावाच्या यादीत एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे तीन पाटील असतात, म्हणून होतं. कोल्हापूर जिल्ह्यात नावावर भरवसा ठेवून लॅब चालवता येत नाही. नोंदणी क्रमांक, वय, मोबाइल या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय नळी पुढे सरकू द्यायची नाही. बारकोड असेल तर फारच बरं.

आणि याद्या फुटतात, त्याबद्दलही बोलायला हवं. रुग्णाला फोन जायच्या आधी त्याचं नाव गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं असायचं. त्यातून लोकांची वाळीत टाकल्यासारखी अवस्था झाली आणि पुढचे लोक तपासणीला यायचे थांबले. रिपोर्टची यादी किती जणांना जाते ते मोजा आणि निम्म्यावर आणा.

लॅबचा कचरा नगरपालिकेच्या गाडीत चालतो का?

मुळीच नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी असते आणि ४८ तासांच्या वर साठवायचा नाही. नळ्या आणि टिप्स आधी निर्जंतुक करून मग लाल पिशवीत. एक इशारा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा: लायसिस बफर पडलेल्या भांड्यात हायपोक्लोराइट ओतू नका. बफरमधल्या ग्वानिडिनच्या क्षाराशी त्याची गाठ पडली की विषारी वायू निघतो. सगळ्या गोष्टींवर ब्लीच मारायची सवय लागलेल्या नव्या पोरांकडून हीच चूक होते.

दर किती ठेवायचा?

तो सरकार ठरवतं. मार्च २०२० मध्ये खासगी तपासणीची कमाल मर्यादा ४५०० रुपये होती. राज्यानं जून २०२० मध्ये ती २२०० वर आणली आणि २०२१ च्या मार्चअखेर ५००. पहिल्या दराचं गणित मांडून कर्ज काढलेल्यांचे हात पोळले.

साथ संपल्यावर लॅबचं काय करायचं?

डेंग्यू, स्वाइन फ्लू, पूर ओसरल्यावरचा लेप्टो, स्क्रब टायफस, कावीळ, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचं विषाणूमापन. कामाला तोटा नाही. घाटाखाली सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि चंदगडचं जंगल त्याला लागूनच आहे. रोज चालणारी लॅबच साथीत चालते. कुलूप लावलेल्या लॅबमध्ये किटची मुदत संपते, पिपेटचं माप बिघडतं आणि कंत्राटी टेक्निशियन पुण्याला निघून जातो. मशीन परत चालू करता येतं, गेलेला माणूस परत येत नाही.

मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे. लॅबमध्ये घेतील का? काय शिकून येऊ?

पिपेट. खरंच, बाकीचं आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो. तराजूवर पाण्याचे १०० मायक्रोलिटर दहा वेळा मोजून बघा, दहाही वेळा ०.१ ग्रॅमच्या जवळ आले पाहिजेत. पीपीई किट घालणं सोपं आहे, सराव करायचा तो ते उतरवण्याचा. संसर्ग उतरवताना होतो. चार-पाच तास पाणी न पिता, नाकावर चष्मा घसरत असताना, ९४ खळग्यांत न चुकता थेंब सोडता येतो का, ते स्वतःलाच विचारा. येत असेल तर बायोडेटा घेऊन या, आणि रात्रपाळीला घरच्यांची हरकत नाही ना, ते आधी विचारून या.